बनुबाईचं पहिलं ‘नको’

सातारकडच्या औंधात बायकांच्या पंगतीला वाढायला बनुबाई उभी राहिली, की ताटावर आडवा हात धरण्यात काही अर्थ नसायचा. ती हाताच्या बाजूनं पोळी सरकवायची आणि वर तुपाची धार सोडून पुढच्या ताटाकडं वळायची. बारसं असो, जागरण-गोंधळ असो, भावकीतलं लग्न असो, तिच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलंय असं झालं नाही. “पयलं नको त्वांडाचं असतंय,” ती म्हणायची. “पोटाचं नको लय उशिरा येतंय. तवर वाढणाऱ्यानं थांबू ने.”

स्वतःचंही तिचं तसंच. कुणाच्या घरी गेली की चहा नको, बसायला नको, ओटीचा खण नको. तीनदा म्हटल्याशिवाय कपाला हात लावायची नाही. नवरा फौजेत हवालदार होता. सुट्टीवर यायच्या आधी तो विचारायचा, “तुला काय आणू?” आणि ही कळवायची, “काय नको, तुमी या.” तो लोकरीची शाल आणायचा, काश्मिरी अक्रोड आणायचा. एकदा तर आरसा बसवलेली पेटी आणली होती. त्याला तिचं ‘नको’ वाचता यायचं. धाकटी लेक शिवांजली लहान असतानाच तो वारला. त्यानंतर बनुबाईला काय हवंय हे दुसऱ्यांदा विचारणारं माणूस घरात उरलं नाही, आणि आपणहून मागायची सवय तिला आयुष्यात कधी लागली नव्हती.

थोरला बाळासो बापाच्या मागोमाग फौजेत गेला. त्याची बायको राजेश्वरी वडूजच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. लग्नानंतर पहिल्या जेवणाला तिनं लाजून दुसरी भाकरी नको म्हटलं, तर सासूनं भाकरी ताटात टाकलीच आणि वर म्हणाली, “हितं लाजून ऱ्हायलीस तर वाळून जाशील, बाई. मला तुझं पयलं नको ऐकूच येत न्हाई.” राजेश्वरी त्या दिवसापासून तिला आत्या म्हणू लागली, आणि घर दोघींचं झालं.

शिवांजली नर्सिंग करून सांगलीला एका खाजगी दवाखान्यात लागली होती. तिथल्या दोन मैत्रिणी इंग्लंडला वृद्धांच्या निवासात कामाला गेल्या, तेव्हा हिच्याही डोक्यात ते भरलं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत होती. सांगलीतच विश्रामबागेत एक क्लास होता. तिथल्या मॅडम नुसती भाषा शिकवायच्या नाहीत, तर तिकडची रीतभातही शिकवायच्या. दार ठोठावल्याशिवाय आत जायचं नाही. पगार आणि वय विचारायचं नाही. बोलताना माणसाला खेटून उभं राहायचं नाही. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं. सुट्टीच्या दिवशी शिवांजली औंधला यायची आणि घराच्या पुढच्या सोप्यात राजेश्वरीसमोर सगळं घोकायची. घोकायला तिसरं माणूस लागायचं, म्हणून बनुबाईला खुर्चीवर बसवलं जायचं.

“आत्या, तुम्ही मॅनेजर.”

“बाई का बाप्या?”

“बाईच.”

“मग जमंल.” बनुबाई पदर सावरून ताठ बसायची.

शिवांजली उंबऱ्याबाहेर जाऊन दारावर टकटक करायची. “मे आय कम इन?”

“आगं ये की! आपल्याच घरात इचारतीस काय?”

“आई! तू ‘येस, प्लीज’ म्हणायचं.”

“मी साहेब हाय न्हवं? मग पिलीज तू म्हणायचंस. मी कशाला म्हणू?”

“तिकडं साहेबसुद्धा म्हणतो.”

बनुबाईनं जरा विचार केला. “मग मानसं बरी दिसत्यात,” ती म्हणाली आणि पुन्हा ताठ बसली. “येस पिलीज. ये, आन् आदी च्या घे.”

राजेश्वरीला हसून हसून ठसका लागला होता.

परीक्षा झाली, व्हिसा झाला, पोरगी गेली. शेजारच्या साळूबाईनं दारात उभं राहून टोमणा मारला, “लग्नाची पोर धाडलीस व्हय गं? आपली आई सोडून दुसऱ्याच्या म्हाताऱ्या सांभाळाय?” बनुबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दुसऱ्याची म्हातारी बी कुणाची तरी आईच हाय की, साळू.” साळूबाई निघून गेली. बनुबाई त्यानंतर बराच वेळ तेच तांदूळ पुन्हा पुन्हा चाळत राहिली, हे राजेश्वरीनं पाहिलं.

शिवांजलीचा फोन बहुतेक दुपारी यायचा. जेवणं उरकून दोघी सोप्यात बसलेल्या असायच्या. राजेश्वरी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायची, आणि बनुबाई पहिल्यांदा विचारायची, “जेवलीस का?” दुसऱ्यांदा, “आज काय शिकलीस?”

तिकडून रोज एखादा शब्द यायचा. ड्युटी संपताना पुढच्या बाईला सगळं नीट सांगून जायचं, त्याला हँडओव्हर. बनुबाईला हा शब्द फार आवडला. चुलीपुढून उठताना ती सुनेला म्हणायची, “ये, हँडओव्हर घे. एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्यावर, आन् मांजर दुधाकडं बघतंय.” कामाच्या मध्ये बसून खायची जी वेळ, ती ब्रेक. मग दुपारी साळूबाईनं हाक मारली तर बनुबाई आतून ओरडायची, “मी बिरेकवर हाय!”

‘आर यू ऑलराईट?’ मात्र तिला पटलं नाही. शिवांजली सांगत होती की तिकडं व्हरांड्यात भेटेल तो हेच विचारतो. पहिल्या दिवशी ती खरंच सांगायला लागली, की रात्री झोप लागली नाही, पाय दुखतायत. तोवर विचारणारी पार टोकाला पोचली होती.

“इचारत्यात आन् थांबत न्हाईत?”

“ते नुसतं बोलायचं असतं, आई. आपण नाही का वाटेत म्हणत, जेवलास का म्हणून?”

“आपुन म्हणतो. पर न्हाई जेवला तर ताट बी करतो.”

मग ते केकचं. नोकरीच्या सुरुवातीलाच कुणाचा तरी वाढदिवस होता. ब्रेकच्या खोलीत एकीनं डबा पुढं केला. शिवांजलीला सडकून भूक लागली होती. ती “नो, थँक यू” म्हणाली आणि दुसऱ्यांदा म्हणतील म्हणून हसून उभी राहिली. डबा पुढं गेला आणि झाकण लागलं. पुढं चहाचं, सँडविचचं, गाडीतून घरी सोडायचंही तसंच झालं. पावसात चालत ती खोलीवर गेली. शेवटी केरळची एक जुनी सिस्टर तिला बाजूला घेऊन म्हणाली, “वेडे, इथं हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण. हे लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. विचारलं तर तुझ्या शब्दाचा मान ठेवला नाही, असं त्यांना वाटतं.”

बनुबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मान ठिवत्यात आन् उपाशी ठिवत्यात. काय ही तऱ्हा!”

पण खरी गोष्ट पुढंच घडली. तिथल्या एका म्हातारीनं सकाळी अंघोळ नको म्हटलं. शिवांजलीनं आपल्याकडं करतात तशी लाडीगोडी लावली. “चला हो, जरासं, बरं वाटेल,” असं म्हणत तिला न्हाणीपर्यंत नेलं. दुपारी मॅनेजरनं आत बोलावलं. बाई ओरडली नाही, प्लीजच म्हणाली. पण म्हणाली, “त्या नाही म्हणाल्या होत्या. त्यांचं शरीर त्यांचं आहे, शिवांजली. नाही म्हणजे नाही.” मग तिला पुन्हा शिकवणीला बसवलं. फोनवर हे सांगताना तिचा आवाज चिरकला होता. “आई, मी जबरदस्ती केली असं झालं. मी! पुन्हा असं नाही व्हायचं.”

“म्हातारी शेवटी न्हाली का?” बनुबाईनं विचारलं.

“आई, मुद्दा तो नाही.”

“बरं,” बनुबाई म्हणाली. तिला मुद्दा तोच वाटत होता.

शिवांजली हुशार पोर. एकदा ठेच लागली की तो दगड तिला आयुष्यभर दिसायचा. राजेश्वरीला फरक आधी जाणवला. एका फोनला शिवांजली म्हणाली, “वहिनी, इथून एक स्वेटर पाठवू तुम्हाला? छान रंग आहेत.” राजेश्वरी सवयीनं म्हणाली, “नको हो वन्सं, कशाला उगाच खर्च.” “ओके,” शिवांजली म्हणाली, आणि स्वेटर आला नाही. राजेश्वरी स्वतःशीच हसली. चांगला जांभळा मागून घ्यायला हवा होता, असं तिच्या मनात आलं. तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बनुबाईला घास उतरेनासा झाला. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पेजसुद्धा. सगळ्या गावाला जेवू घालणारी बाई कण्हत कण्हत पाण्याचा घोट गिळू लागली. सांगलीला दाखवलं. दुर्बीण घातली, तपासणीला तुकडा पाठवला. अन्ननलिकेत गाठ होती. बाळासो सुट्टी काढून आला, डॉक्टरांशी बोलला. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनचा शेक देऊन बघू, कुणाकुणाला वर्ष-दीड वर्ष मिळतं. रिपोर्ट शिवांजलीलाही पाठवले. ती नर्स, तिला काय लपवणार? सगळं वाचून तिनं फोन केला. डोळे सुजलेले होते, पण आवाज तिनं कामावरचा लावला होता.

“आई, मला आता रजा मिळू शकते. मी येऊ का?”

तांब्याला टेकवलेल्या फोनकडं बनुबाई टक लावून बघत होती. राजेश्वरी शेजारी बसून सासूच्या पाठीला तेल चोळत होती. त्या प्रश्नासरशी हाताखालची पाठ कशी सैल पडली, ते तिला कळलं.

“नको,” बनुबाई म्हणाली. “कशाला उगंच? नवी नवकरी हाय. मला काय धाड भरलीया? दिवाळीला ये.”

पलीकडं शिवांजलीनं डोळे मिटले, उघडले. “ठीक आहे, आई. निर्णय तुझा आहे. तू म्हणशील तसं.”

मग औषधांचं बोलणं झालं, आणि फोन बंद झाला. बनुबाई काळ्या पडद्याकडं बघत होती.

“शेवटाला काय म्हणाली गं ती?”

“निर्णय तुमचा आहे म्हणाल्या.”

“मी कवा घेतला निर्णय?” बनुबाई म्हणाली.

पुढच्या फोनला ती जरा सावरून बसली. केस विंचरून घेतले, चांगलं पातळ नेसली. शिवांजलीनं गोळ्या विचारल्या, वजन विचारलं, उशाला दोन उशा घेऊन झोप म्हणाली. यायचं विचारलं नाही. त्याच्या पुढच्या फोनलाही नाही. मिरजेला शेक देऊन परत येताना गाडीत राजेश्वरीनं विषय काढला.

“आत्या, मी सांगू का वन्संना?”

“काय सांगणार?”

“या म्हणून.”

“खबरदार!” आवाज बसला होता तरी त्यात जरब होती. “बाळासोची आण हाय तुला. बोलवल्यावर पावनं येत्यात. लेक न बोलवता येती.” थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, “इचारंल ती. दुसऱ्यांदा इचारंल. कामात असंल.”

राजेश्वरीला दोघींचंही दिसत होतं. नणंद दगडाची नव्हती. ती ब्रेकमध्ये संडासात जाऊन रडायची, असं तिनंच एकदा सांगितलं होतं. “आईनं माझी नोकरी जपली वहिनी. मी तिचं मन मोडून आले तर तिला त्रासच होईल ना?” तिकडं ती जे शिकली होती, जे शिकताना अपमान गिळला होता, तेच ती आईला देत होती. तिच्या लेखी तो मान होता. आणि इकडं सासू दर दुपारी केस विंचरून तांब्यापुढं बसत होती. दोन्हींकडची बोली कळणारं घरात एकच माणूस होतं, आणि त्याच्या तोंडाला नवऱ्याच्या नावाची आण घातलेली.

श्रावण सरला तसं पाणीही जाईना. नाकातून नळी घातली. बनुबाईचं मनगट दोन बोटांत मावू लागलं. एके दिवशी राजेश्वरी मागच्या परड्यात कपडे वाळत घालायला गेली आणि बादली तशीच ठेवून तिनं फोन लावला. आण घातली ती घातली. जे व्हायचं ते माझं होऊ दे, असं ती यमाईदेवीच्या डोंगराकडं बघून मनात म्हणाली.

“वन्सं, आत्यांचं नको खरं नव्हतं.”

“वहिनी, मी विचारलं होतं. तुमच्यासमोर. ती स्पष्ट नको म्हणाली.”

“एकदाच विचारलंत.”

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. “मी निघते,” शिवांजली म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. रजा जागच्या जागी मिळाली होती. मॅनेजर म्हणाली होती, तू आधी मागायची होतीस, आम्हाला कसं कळणार? विमानाचं तिकीट मात्र दोन दिवसांनंतरचं मिळालं होतं.

राजेश्वरी आत आली. बनुबाईचे डोळे उघडे होते.

“आत्या, वन्सं निघाल्यात.”

बनुबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. “तू सांगितलंस?” नुसते ओठ हलले, पण राजेश्वरीला कळलं.

“न्हाई आत्या.” ती तिच्या अंथरुणापाशी बसली. “त्यांनीच परत विचारलं. मी म्हटलं, आत्या नकोच म्हणत्यात. तरी म्हणाल्या, मी येणार.”

“परत इचारलं?”

“व्हय.”

“आन् तू नको म्हणालीस?”

“दोनदा म्हणाले. ऐकेचनात.”

बनुबाईच्या वाळल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं सुनेचा हात चाचपडत शोधला आणि दाबला. “लय हट्टी हाय कारटी,” ती म्हणाली. एवढं म्हणताना तिला तीनदा थांबावं लागलं. मग खुणेनं सांगितलं की माडीवरची खोली झाड, पोरीला आता थंडीची सवय लागली असंल, पंखा नीट चालतोय का बघ.

शिवांजली ज्या दिवशी विमानात बसणार, त्याच दिवशी पहाटे बनुबाई गेली. बाळासो आदल्या दिवशी पोचला होता. भावकी जमली. सगळ्यांचं एकच मत पडलं, की एवढा लांबचा एकटीचा प्रवास, पोरीला आत्ता सांगायचं नाही. गावाकडं तशीच रीत आहे. वाटेत असलेल्या माणसाला ‘जरा जास्त आहे’ एवढंच सांगतात. दुपारी विमानतळावरून फोन आला, तेव्हा राजेश्वरी स्मशानाकडं निघालेल्या माणसांना दारातून बघत उभी होती. ती फोन घेऊन धान्याच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

“वहिनी, आईला जरा देता का?”

“झोपल्यात हो.”

“बरं,” शिवांजली म्हणाली. “झोपू दे. उठवू नका.”

ती आणखी एकदा म्हणाली असती तर राजेश्वरीच्या तोंडून सगळं बाहेर पडलं असतं. पण ती म्हणाली नाही. ती शहाणी झाली होती. फोन ठेवून राजेश्वरी ज्वारीच्या पोत्यावर बसली आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. दारापुढं टोपी काढून, डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेली माणसं शिवांजलीला लांबूनच दिसली. तिथंच तिला कळलं. बॅग गाडीतच राहिली. साळूबाई पुढं धावली आणि तिनं पोरीला मिठीत घेतलं. एरवी टोमण्याशिवाय न बोलणारी ती बाई तिच्यापेक्षा मोठ्यानं रडत होती.

बायका पांगल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. चूल पेटलेली नव्हती. दोघी नणंद-भावजय सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. बनुबाईचं अंथरूण होतं त्या जागी पणती लावून तिच्याखाली पीठ पसरलं होतं.

“मी निघाले ते तिला कळलं होतं?”

“व्हय.”

“काय म्हणाली?”

“हट्टी आहे म्हणाल्या. खूश होत्या.”

शिवांजलीनं मान फिरवून भावजयीकडं पाहिलं. “हट्टी का? तुम्ही फोन केलात म्हणून मी निघाले. तिला तुम्ही काय सांगितलं होतं?”

राजेश्वरीनं पणतीची वात सारखी केली.

“वहिनी, काय सांगितलं?”

तेव्हा राजेश्वरीनं सांगितलं. परड्यातला फोन, मोडलेली आण, ‘त्यांनीच परत विचारलं’ ही थाप, सगळं. शिवांजली पणतीच्या ज्योतीकडं बघत ऐकत होती. मग ती एवढंच म्हणाली, “बाळादादाला हे सांगू नका. कुणालाच नको. तिला जे कळलं होतं तेच असू दे.”

“असू दे,” राजेश्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडायला जायचं होतं. बायका स्मशानात येत नाहीत, असं भावकीतल्या एका चुलत्यानं दोनदा बजावलं. शिवांजलीनं त्यांचं ऐकून घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि बाळासोच्या मागोमाग चालू लागली. तिनं गाडग्यात राख भरली. दवाखान्यातल्या कामासारखं ती सगळं नीट, हलक्या हातानं करत होती. फक्त मधूनच ती वाकायची आणि राखेपाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा तेच काहीतरी विचारल्यासारखं पुटपुटायची. काय, ते बाळासोलाही कळलं नाही, आणि घरी आल्यावर राजेश्वरीनंही विचारलं नाही.